ज्योत्स्नाचा मधला हात

नशिराबादला हायवेलगत माझा फोटो स्टुडिओ. येईल त्याचा फोटो काढायचा आणि जमलं तर त्याला थोडं पिडायचं, असा माझा धंदा.

परवा एक बाई आल्या. धुरपदाबाई, साक्रीकडच्या. पासपोर्टचा फोटो पाहिजे म्हणाल्या, पण बसेनात. भिंतीवर लावलेले गावातल्या पोरींचे फोटो एकेक करून तपासत होत्या. मी चहा मागवला. चहा अर्धा झाल्यावर पदराआडून मोबाईल निघाला.

“उखर्डूभाऊनी पोर ना हाई?”

तीच. ज्योत्स्ना. ऐतवारी तिला बघायला साक्रीचे पाहुणे येणार होते, हे गावभर माहीत होतं. म्हणजे ही मुलाची फुई, आत्या, आधीच चौकशीला आलेली.

फोटोत मागे सगळा निळा रंग भरलेला. गुलाबी साडी छान. उजवा हात पदराआड. पण डावा कोपरापर्यंत येतो, पुढे निळं, आणि मग एकटा पंजा हवेत.

“मधला हात कोठे शे?” फुईने आवाज एकदम खाली घेतला.

मला एका नजरेत कळलं. गेल्या आठवड्यात ज्योत्स्नाच्या चुलतबहिणीचं लग्न होतं. कासाराने घरातल्या सगळ्या पोरींना कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या भरल्या. भाऊ तेजसने तिच्या मागे केळीच्या रोपांवरची हिरवी जाळी टांगली आणि मोबाईलला सांगितलं, हिरवं काढ, निळं भर. मोबाईलने बांगड्याही काढल्या.

हे तिथंच सांगायला पाहिजे होतं. पण फुईचा चेहरा असा काही झाला होता की मला राहवेना. मी उसासा टाकला. “फुई, मी पडलो गावातला माणूस. माझ्या तोंडून कशाला वदवता?”

झालं. त्यांनी भावाला फोन लावला. “दादा, ऐतवारनं ऱ्हाऊ दे. पोरमा खोट शे.”

आता माझी तंतरली. पोरीचं जमत आलेलं स्थळ मोडत होतं. “अहो फुई, गंमत केली, बांगड्या हिरव्या होत्या, म्हणून...”

“मंग आधी का नही सांगं? तू बी दपाडी राहिना. बठ्ठं गाव एकच शे तुमनं.”

मीही लपवतोय म्हणे. खरं बोललो तर विश्वासच नाही. मग मी त्यांना माझ्या हिरव्या पडद्यापुढे उभं केलं. त्यांच्याही हातात हिरव्या बांगड्या होत्या. फोटो काढला, हिरवं काढून टाकलं, निळं भरलं. स्क्रीनवर फुईचं मनगट गेलं, पंजा उरला.

त्यांनी स्वतःचा हात चाचपून पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं.

“तू फोटोमा काय बी करी सकस. माले पोर दखाड.”

मी उखर्डूभाऊंकडे फोन लावला. ज्योत्स्ना स्कूटीवरून आली, आल्या आल्या दोन्ही हात काउंटरवर ठेवले. “घ्या, मोजून घ्या.”

फुईने डावा हात दाबून पाहिला, चिमटाही काढला. ज्योत्स्ना हसली नाही. “आता तुमच्याकडच्या मुलाचा फोटो दाखवा. मलाही बघू द्या.”

मुलगा नीलेश. पिवळ्याजर्द रंगापुढे उभा, आणि डोकं कपाळाच्या जरा वरून सरळ कापल्यासारखं सपाट.

“अभिमनकाका, याचं वरचं कुठे गेलं?”

“टोपी असेल,” मी म्हणालो. “पांढरी टोपी, मागे पांढरी भिंत. भिंतीबरोबर गेली.”

“आणि टोपीखाली काय आहे?”

फुई फोटो मोठा करून बघायला लागल्या. बराच वेळ बघितला.

“नीलेश टोपी घालत नही,” त्या हळूच म्हणाल्या. “कधीच नही.”

“मग टक्कल चमकलं असेल, भिंतीबरोबर तेच गेलं,” ज्योत्स्ना म्हणाली.

फुईने परत फोन लावला. “दादा, ऐतवारले या. पण पोऱ्याले मी आधी दखसू. टक्कलवर केस इचरू नका म्हना, जसा शे तसा.”

ज्योत्स्ना स्कूटीकडे निघाली. दारातून म्हणाली, “फुई, मी पण मुलाला इकडेच, स्टुडिओत बसून बघीन. उजेड चांगला आहे.”