आठशे मीटरांखाली

गोव्यातल्या मये गावच्या कमलाक्षीनं समुद्र पाहिला होता तो किनाऱ्यावरूनच, तोही घोट्याएवढ्या पाण्यात उभं राहून. डिचोलीच्या शाळेत ती चित्रकला शिकवायची. तिचा धाकटा भाऊ सगुण आधी नदीतून खनिज नेणाऱ्या बार्जवर होता. शहात्तर साली मुरगावच्या एका संशोधन जहाजावर त्याला विंच चालवायचं काम मिळालं. खोल पाण्यात जाळं सोडायचं आणि तासन्‌तास ते वर ओढायचं. भर समुद्रातून टपाल येणार कुठून, म्हणून तो एका वहीत लिहून ठेवी आणि घरी आला की वही बहिणीच्या हाती देई.

त्या वहीनं तिला झपाटलं. आठशे मीटरांखाली ऊन जवळजवळ पोचतच नाही, सगुणनं लिहिलं होतं. तिथले मासे उगाच धावपळ करत नाहीत. हाडं मऊ, मांस पाणचट, एकदा पोट भरलं की कितीतरी दिवस नुसते तरंगत राहतात. वरून मेलेल्या जिवांचा चुरा झिरपत येतो, त्यावर कित्येकांचं भागतं. काहींच्या पोटाखाली बारीक दिवे असतात. वरच्या अंधुक उजेडात आपली सावली खालच्याला दिसू नये म्हणून ते पेटवतात. आणि एक लालभडक कोळंबी आहे. शत्रू अंगावर आला की ती तोंडातून निळा उजेड ओकते, आणि तो गोंधळला की निसटून जाते.

फळ्यावर पेरू काढता काढता कमलाक्षीचा हात थांबे. मुलं वाट बघत बसत.

दिवाळीच्या सुट्टीत ती बस बदलत मुरगावला गेली. सगुणनं तिला जहाजावर नेऊन काचेची बरणी दाखवली. आत ती कोळंबी होती, पण उकडलेल्या तांदळासारखी पांढरी. औषधात रंग टिकत नाही, असं त्यानं सांगितलं. कमलाक्षीचा चेहरा पडला. तरी तिनं कागद काढला आणि त्यालाच रंग विचारला. त्यानं बराच विचार केला.

"भिरंडाचा साल कसा असता, पिकलेला? तसो," कोकमाचं पिकलं फळ आठवत तो म्हणाला. "पण थंय तो काळोच दिसता, बाय. तांबडो उजेड खाली पावनाच. म्हणान ती कोणाच्या नजरेक पडना."

डॉक्टर यशवंत केरकर हे तिथले शास्त्रज्ञ. त्यांनी तिनं रंगवलेलं कोळंबीचं चित्र हातात घेतलं आणि कितीतरी वेळ खाली ठेवलं नाही. मग दर सुट्टीत तिला बोलावणं येऊ लागलं. बरण्यांतले पांढरे जीव समोर ठेवायचे, सगुणच्या आठवणीतून रंग घ्यायचे. चित्रं वाखाणली गेली. पण दर वर्षी ती केरकरांना एकच विचारी, मला सफरीवर नेता का? दर वर्षी ते अवघडून सांगत, जहाजावर बाईमाणसासाठी खोली नाही. ती मान हलवी आणि ब्रश धुवायला लागे.

अशी सात वर्षं गेली. त्र्याऐंशी साली दोन शास्त्रज्ञ मुली सफरीवर निघाल्या. त्यांच्यासाठी वेगळी खोली झाली, आणि तिसरा बिछाना रिकामा होता. तेव्हा कमलाक्षी पंचेचाळीस वर्षांची होती. पहिले चार दिवस तिला उलट्यांनी उठू दिलं नाही.

सहाव्या दिवशी, भर दुपारी, जाळं वर आलं. सगुणनं हाक मारली तशी ती भिंत धरत धरत गेली. बहुतेक जीव वर येतानाच मेले होते. वरचं कोमट पाणी त्यांना सोसत नाही. एक कोळंबी तेवढी पाय हलवत होती. केरकरांनी ती बर्फाच्या पाण्याच्या बादलीत टाकली, बादली थंड खोलीत नेली आणि दिवा मालवला. कमलाक्षी गुडघ्यांवर बसली. केरकरांनी काडीनं हलकेच डिवचलं.

पाण्यात निळा ढग फुटला. क्षणभर त्यात तिला स्वतःची बोटं दिसली. ढग पसरला, विरळ झाला, विझला. पुन्हा डिवचलं तर काही झालं नाही.

दिवा लागला तेव्हा तिच्या मांडीवरचा कागद कोरा होता.

संध्याकाळी ती कठड्याशी उभी होती. सगुण चहाचा पेला घेऊन आला आणि म्हणाला, "झाला मां गे मनासारखा? सात वर्सां वाट बघलंस."

तिनं पेला घेतला, पण तोंडाला लावला नाही.

"बादलीत बघलंय रे," ती म्हणाली आणि तिनं खाली पाण्याकडे बोट केलं. "थंय खंय बघलंय?"

विंचची तार खाली किती दूर जाते हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक? दोघं पाण्याकडे बघत राहिले. जहाज पुढे जात होतं, आणि चहा निवून गेला तरी ती तिथून हलली नाही.