क्वार्टरचा नकाशा

फॅक्टरीतून निवृत्त झालेला माणूस घर बांधायला निघाला, की त्याला फॅक्टरीच्या वसाहतीतलं क्वार्टरच हवं असतं. साकोलीत हायवेलगत ऑफिस थाटून हर्षा एवढंच शिकली होती. पाटीवर आर्किटेक्ट लिहिलं खरं, पण हातून उतरत होता तो एकच नकाशा: पुढे ओटा, मग बैठक, मधली खोली, आणि शेवटी भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं स्वयंपाकघर. मापं पाठ होती. तशाच क्वार्टरमध्ये ती लहानाची मोठी झाली. त्याच भिंतीसमोर आई जन्मभर पोळ्या लाटत राहिली आणि माघात गेली. तेव्हापासून ती भिंत काढताना हर्षाचा हात अडायचा.

टेकचंदकाका फॅक्टरीत तिच्या वडिलांच्याच पाळीत कामाला होते. त्यांचा प्लॉट अड्याळला, मागे पाण्याने भरलेली बोडी, पलीकडे धानाच्या बांध्या. हर्षाने जीव ओतून वेगळं घर काढलं. आपलं म्हणून दाखवता येईल असं एक तरी घर तिला उभं करायचं होतं.

काकांनी कागद फिरवून फिरवून पाहिला. "झकास आहे. एखाद्या मंत्र्याले दे. मले माझं क्वार्टर काढून दे."

ते फोन घ्यायला बाहेर गेले, तशा त्यांच्यासोबत आलेल्या रुखमाकाकू टेबलावर वाकल्या.

"पोरी, सैपाकखोलीत बोडीकडं एक खिडकी ठेव. जलमभर भिंतच पाहून राहिली मी. तुही आई बी तेच म्हणे."

आईने घरी हे कधीच म्हटलं नव्हतं.

हर्षाने क्वार्टरच काढलं. फक्त ती खिडकी ठेवली. दोघं पुन्हा आली तेव्हा काकांचं बोट नेमकं तिथंच थांबलं.

"हे क्वार्टरात होतं का?"

हर्षाने उजेडाचं, धुराचं सांगून पाहिलं. काका म्हणाले, तिथं इतकी वर्षं स्वयंपाक झाला, उपाशी कोणी मेलं नाही; आणि बोडीवर मासोळ्या धरणाऱ्यांना आपली चूल कशाला दाखवायची? शेवटी ती म्हणाली, काकूंना तरी विचारा.

काका वळले. "काहून वं, तुले पायजे का खिडकी?"

काकूंनी पदर सारखा केला. "मी कायले मागू? पोरीनंच काढली आपल्या मनानं."

हर्षा काकूंकडे बघत राहिली. काकूंची नजर काही वर आली नाही. खरं सांगितलं तर ते घरी जाऊन काकूंनाच निस्तरावं लागणार होतं.

"हो, मीच काढली," हर्षा म्हणाली. तिने संगणकावर खिडकी पुसली. भिंत सलग झाली.

"आता कसं!" काका खूश झाले. "माझ्या पाळीतला सुखराम बी रिटायर होऊन राहिला. त्याले हेच दे, नाव तेवढं बदल."

हर्षाने फाइलची दुसरी प्रत केली आणि सुखरामचं पूर्ण नाव विचारलं.