जी वायर बोलत नाही

इस्पितळाच्या तळघरातल्या त्या खोलीत कोणी सुखासुखी पाऊल टाकत नसे. सदा घरघर आणि गरम हवा. उंच लोखंडी कपाटं, त्यांत एकावर एक रचलेले नेटवर्कचे स्विच, आणि त्यांतून निघून छतात शिरलेले निळ्या वायरींचे जुडगे. फोन, कॅमेरे, संगणक, रुग्णांच्या उशाशी लोंबणाऱ्या बेल, सगळ्यांचा जीव त्या वायरींत. निरोपही त्यांतूनच जायचा आणि वीजही.

हा पसारा सांभाळणाऱ्या इंजिनीअर बाईला नर्सांनी नाव ठेवलं होतं काटकसरबाई. उगाच नाही हो! रिकाम्या खोलीत दिवा जळताना दिसला की हिचा जीव तळमळायचा. विजेचं बिल बघून इस्पितळाच्या साहेबांनी कपाळाला हात लावला, तेव्हा हिनं छातीठोकपणे सांगितलं, "माझ्या खोलीतली बरीचशी वीज फुकट जाते. बंद करून दाखवते." आणि दाखवली. प्रत्येक स्विचला दोन वीजपुरवठे होते, एक बिघडला तर दुसरा असावा म्हणून. त्यातला एकेक तिनं बंद करून टाकला. मग नियम घातला: जी वायर दिवसभरात एक शब्द बोलत नाही, तिची वीज आपोआप तोडायची. रिकाम्या टेबलांखालच्या, कुलूपबंद खोल्यांतल्या वायरींना कशाला फुकट पोसायचं? अतिदक्षता विभागाला तेवढा तिनं हात लावला नाही. बाकी सगळीकडे नियम लागू झाला, खोलीतली घरघर खरोखर उतरली, आणि पुढच्या दुपारी साहेबांचा फोन आला, "बाई, मानलं तुम्हाला!"

त्याच खुशीत ती तिसऱ्या मजल्यावर आप्पांना भेटायला गेली.

आप्पा म्हणजे तिचे वडील. हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं, उद्या घरी सोडणार होते. माणूस असा की पाय मोडला तरी "जरा लचकलंय" म्हणेल. आई होती तेव्हा वैतागून म्हणायची, "ह्यांच्या तोंडून 'दुखतंय' एवढं वदवून घेणाऱ्याच्या मी पाया पडेन."

आप्पा उशीला टेकून बसले होते. "जेवलीस का?" त्यांनी विचारलं.

"साहेबांच्या शाबासकीनंच पोट भरलं." तिनं सगळं रंगवून रंगवून सांगितलं. आप्पा कौतुकानं ऐकत होते. मग उशाशी लोंबणाऱ्या बेलकडे बोट दाखवून म्हणाले, "एक तेवढं बघ. ही तुमची बेल वाजत नाही. सकाळी दाबली होती, कोणी आलं नाही. म्हटलं, असतील कामात."

तिनं बेल उचलून दाबली. एरवी दाबल्याबरोबर लाल दिवा लागतो. लागला नाही. पुन्हा दाबली. काही नाही.

आणि तिच्या पायाखालची जमीनच सरकली. ही बेल जुन्या पद्धतीची, दाबली तरच बोलणारी. ज्यानं काल दिवसभर बेल दाबली नाही, त्याची वायर तिच्या नियमानं रिकामी ठरली होती. म्हणजे उठसूट बेल वाजवणाऱ्यांच्या बेल शाबूत, आणि मुकाट्यानं पडून राहणाऱ्यांच्या सगळ्या मेलेल्या. सगळ्या मजल्यांवर! कोणाला धाप लागली, कोणी पडलं, कोणाचे टाके उसवले, तर ते आत्ता बटण दाबत असतील आणि कोणाला पत्ता नसेल.

"अगं, काय झालं?"

"काही नाही. आप्पा, हे बटण दाबून धरा. सोडायचं नाही. मी खाली जाऊन वीज सोडते. तुमची वायर बोलली की खाली तिचा दिवा लुकलुकेल, म्हणजे मला कळेल काम झालं ते. धराल ना?"

"धरतो की. तू जा. जिन्यावरून सावकाश—"

त्यांच्या कपाळावर घाम होता. तो तिला दिसला. तिनं जाता जाता पंखा वाढवला आणि धावत सुटली.

जिन्यातूनच तिनं मोठ्या सिस्टरना फोन लावला. "सिस्टर, वॉर्डांतल्या बऱ्याचशा बेल बंद आहेत. माझ्यामुळे. शिव्या नंतर द्या, आधी प्रत्येक खाटेपाशी माणूस पाठवा."

"अगं बाई, कधीपासून?" सिस्टरचा आवाज चिरकला. "आणि माझ्याकडे माणसं आहेत कुठं? सुरुवात कुठून करू ते तरी सांग."

"तिसरा मजला शेवटी ठेवा. मी आत्ताच तिथून आले, तिथं सगळं ठीक आहे."

तळघरात आल्यावर दुसरं संकट दत्त म्हणून उभं. सगळ्या वायरींना एकदम वीज सोडावी, तर एका पुरवठ्यावर चाललेल्या स्विचना तो भार झेपणार नव्हता. तेच बंद पडले की बेलबरोबर फोनही गेले! दुसरा पुरवठा आधी सुरू करायचा, तो तयार होईस्तोवर थांबायचं, मग वायरी उठवायच्या, आणि मग पुढचं कपाट. स्वतःच्याच हातानं बांधलेल्या गाठी ती एकेक करून सोडवत गेली.

पहिल्या मजल्याचे दिवे हिरवे झाले. एकही वायर बोलली नाही. दुसऱ्या मजल्याचे झाले, आणि त्यातला एक दिवा लगेच लुकलुकायला लागला. तिनं फोनवर ओरडून खाट सांगितली.

"सापडल्या," थोड्या वेळानं सिस्टर म्हणाल्या. "आजी बाथरूममध्ये पडल्यात. बेलची दोरी ओढून ओढून हात भरून आलाय त्यांचा. जिवंत आहेत, आणि तुझा उद्धार चाललाय."

तिच्या जिवात जीव आला. डोळे पुसले आणि ती शेवटच्या कपाटाकडे वळली. तिसरा मजला. पुरवठा सुरू केला, थांबली, वायरी उठवल्या. दिवे ओळीनं हिरवे झाले. आप्पांच्या वायरीवर तिनं नजर रोखली.

दिवा हिरवा होता. स्थिर. लुकलुकत नव्हता.

तिनं वायर काढून पुन्हा लावली. वीज जात होती, बेल जिवंत होती. बटण कोणी दाबलेलं नव्हतं, एवढंच. कंटाळले असतील. डोळा लागला असेल. म्हातारा माणूस किती वेळ अंगठा दाबून धरणार? काही नसेल.

काही नसेल! मेल्या तोंडानं पुन्हा तेच! जी वायर बोलत नाही तिथं काही नाही, हे शहाणपण तर तिनं कालच सगळ्या इस्पितळाला शिकवलं होतं. आप्पा एकदा हो म्हणाले की बटण सोडणाऱ्यातले नव्हते. आणि मग तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला, असा की तोंडचं पाणी पळालं. आप्पांनी सकाळी बेल दाबली होती. जन्मात ज्यानं कोणाला हाक मारली नाही, त्या माणसानं बेल दाबली होती. तिनं बेल उलटीपालटी करून पाहिली, वायरीचा विचार केला, स्विचचा केला. बेल का दाबली होती, हे काही तिनं विचारलं नाही.

लिफ्टची वाट न बघता ती जिने चढत गेली.

आप्पा खाटेवर एका अंगाला कलले होते. चेहरा राखेसारखा, सदरा घामानं चिंब. हात खाली लोंबत होता आणि बेल फरशीवर पडली होती. तिनं बेल उचलली आणि सगळा जोर लावून दाबली. लाल दिवा लागला. बाहेर टेबलावर घंटा वाजायला लागली, पावलं धावत आली, पडदे सरकले, कोणीतरी तिला दंड धरून बाजूला केलं. "छातीत कधीपासून दुखत होतं?" डॉक्टर विचारत होते, आणि पोटच्या मुलीला उत्तर माहीत नव्हतं.

थोड्या वेळानं आप्पांना चाकांच्या खाटेवरून अतिदक्षता विभागाकडे नेऊ लागले. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. डोळे उघडले होते. ती खाटेचा कठडा धरून बरोबर धावत होती, रडत होती आणि चिडलीही होती.

"बोलायचं ना हो आप्पा! मी समोर उभी होते. एका शब्दानं तरी सांगायचं!"

आप्पांनी अंगठ्यानं मास्क जरासा सरकवला. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, तिची समजूत काढावी तसे ते म्हणाले, "सांगितलं होतं की गं. सकाळी."