औसा रोडचं ढेकूळ

भोपळा एकच. तोही एका बाजूने पिवळा.

लातूर जिल्हा होऊन तीन पावसाळे झाले. त्यातला तिसरा आलाच नाही.

चर्चच्या नळाला फडकं बांधलेलं. फडकं कोरडं.

औसा रोडला आता फुटाचा भाव विचारतात. पूर्वी एकराचाही कुणी विचारत नव्हतं.

व्यंकटराव प्रार्थनेला डोळे मिटतो. ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’पर्यंत नीट चालतं. पुढे औसा रोडचं आपलं मुरमाड रान दिसायला लागतं, चुन्याने आखलेले प्लॉट, कोपऱ्याचा प्लॉट, कोपऱ्याच्या प्लॉटचं गिऱ्हाईक. आमेन कधी झालं ते कळत नाही.

जिल्हा झाल्यापासून हे असंच. त्याने बायकोला, चांगुणाला सांगितलं. ती म्हणाली, “मग उघड्या डोळ्यांनं करा.” केली. समोर तीच दिसली, नव्या पाटल्या घातलेली.

म्हणून तो पाळकांकडे गेला. पाळक नांदेडचे, नवे.

“ते रान मंडळीला देऊन टाकतो. मला माझी प्रार्थना पाहिजे.”

“देवाला तुमचं मन पाहिजे, व्यंकटराव. रान नको.”

“मन रानातच हाय की.”

पाळकांनी चहा मागवला. चहा आला. मग म्हणाले, “तुम्हीच रिकामे झालात तर किनवटच्या वसतिगृहाला धान्य कोण पाठवणार?”

म्हणजे देता यावं म्हणून ठेवायचं. आणि ठेवलं की प्रार्थना नाही. व्यंकटरावने बशीतला चहा संपवला. येताना त्याला हलकं वाटत होतं. का वाटतंय ते कळलं नाही, म्हणून परत जड वाटलं.

मग कापणीचा सण.

या दिवशी मंडळी रानातलं पहिलं पीक आणून टेबलावर ठेवते. उपासना झाली की त्याचा लिलाव. पैसा चर्चचा. घेणारा पुष्कळदा वस्तू परत टेबलावर ठेवतो, पुन्हा बोली लागते. एकेक कोंबडी तीन-तीनदा विकली जाते आणि शेवटी तिलाच कंटाळा येतो.

यंदा टेबल मोकळंच. भोपळा. दोन कोंबड्या. सरजाबाईच्या ओंजळीत मावलेला हरभरा.

व्यंकटरावने रुमाल सोडला आणि मुरमाचं ढेकूळ ठेवलं.

“औसा रोडचं समदं रान,” तो म्हणाला. “देवाला.”

टेबलावर ठेवलं की झालं, एवढाच त्याचा हिशोब. लिलाव त्याच्या ध्यानातच आला नव्हता.

बोली पुकारायला साहेबराव. व्यंकटरावचा जुना सोबती, अजून पत्र्याच्या घरात राहणारा. त्याने ढेकूळ वर धरलं.

“बोला! कलेक्टर हापिसापासून हाकेच्या अंतरावर! सरजाबाई, घेता का?”

“मुरूम हाय त्यो. चुलीच्या पोताऱ्यालाबी चालंना.”

हशा.

“लिलाव नको,” व्यंकटराव म्हणाला. “दिलंय मी ते.”

“टेबलावर आलं की बोली लागती, भाऊ. कोंबडीला लागती, तुझ्या रानाला का न्हाई?”

“आन् कुणीच बोललं न्हाई तर?”

“तर ज्याचं त्याला वापस. रीत हाय.”

व्यंकटरावने मागे पाहिलं. सगळी मंडळी त्याच्याकडेच पाहत होती. औसा रोडचं रान घेऊ शकेल असा माणूस चर्चमध्ये एकच होता. पाळकांनी हलकेच मान हलवली: बोला.

न बोलावं तर रान आपलं. बोलावं तरी आपलं. निदान चर्चला पैसा तरी जाईल. त्याने तोंड उघडलं आणि आकडा बाहेर पडला.

साहेबरावचा हात खाली आला. “येवढ्यात? औसा रोडला? आरं, भाव पाडायलास का देवाघरी?”

व्यंकटरावचे कान तापले. आकडा त्याने मुद्दाम कमी सांगितला नव्हता. रोज सौदा सुरू करायचा तसाच तोंडातून निघाला होता. त्याने वाढवला. समोर कुणी नव्हतं, तरी आणखी वाढवला.

“एक वार! दोन वार! तीन वार!”

टाळ्या. सरजाबाई तर उभी राहिली. पाळकांनी डोळे मिटून उपकारस्तुती सुरू केली, एवढं मोठं अर्पण या चर्चने कधी पाहिलं नव्हतं म्हणाले. व्यंकटरावनेही डोळे मिटले. अंधार झाला. रान दिसलं नाही. प्लॉट नाहीत, गिऱ्हाईक नाही. त्याला वाटलं, आता. हे आमच्या स्वर्गातील पित्या.

आणि आतून कुणीतरी स्वच्छ म्हणालं: स्वस्तात पडलं.

बाहेर चांगुणा चपला शोधत होती. ढेकूळ परत त्याच्याच रुमालात होतं.

“मंग दिलं का घेतलं?” तिने विचारलं.

“थांब जरा,” तो म्हणाला. आणि तिथेच उन्हात उभा राहिला. ती पुढे गेली, वळून पाहिलं, परत आली. तो रुमालाची गाठ सोडत-बांधत होता.

बाहत्तर साली दुष्काळी कामावर व्यंकटरावचा बाप्तिस्मा झाला, त्या दिवशी त्याच्या अंगातला सदरा साहेबरावने काढून दिलेला होता. त्याला बोली लागली नव्हती.