चौदा नंबरची मादी

प्रयोगशाळेतला चौदा नंबरच्या मादीचा पिंजरा तिसऱ्यांदा उघडून तिने आत पाहिलं. सात. बोटाच्या पेराएवढी, गुलाबी, डोळेही न उघडलेली सात उंदीरपिल्लं.

"शक्यच नाही," ती म्हणाली.

पिंजऱ्यांची देखभाल करणारे काका मागे पाण्याच्या बाटल्या भरत होते. "झाली खरी, मॅडम," एवढंच म्हणाले.

तिचं डोकंच फिरलं. तीन वर्षं ती एका प्रथिनापाठी हात धुऊन लागली होती. शुक्रजंतूच्या शेपटीत कॅल्शियम केव्हा आणि किती सोडायचं, हे ते प्रथिन ठरवतं. ज्या नरांत ते नसतं, त्यांचे शुक्रजंतू भरपूर असतात, पोहतातही. पण अंड्यापाशी शेपटीचा जो जोरदार फटका मारावा लागतो, तो काही त्यांना जमत नाही. अशा नराला पिल्लं होता कामा नयेत. अकरा नरांना झाली नव्हती. या पिंजऱ्यातल्या बाराव्याने सगळ्यावर पाणी फिरवलं.

"तुझीच चाचणी चुकली असणार," तिचे मार्गदर्शक सर म्हणाले.

ती दातओठ खात परतली. पिल्लं जरा मोठी झाल्यावर तिने त्यांच्या कानांचे बारीक तुकडे घेऊन जनुकं तपासली. बाप बारावा असता, तर प्रत्येकात त्या प्रथिनाच्या बिघडलेल्या जनुकाची एक प्रत सापडायला हवी होती. एकातही सापडली नाही.

"काका, या पिंजऱ्यात दुसरा नर कुणी ठेवला?"

काकांनी हातातल्या फडक्याची घडी केली. "मी. शनिवारी ठेवला, सोमवारी तुम्ही यायच्या आत काढला. त्याचाच भाऊ, धडधाकट."

"का? अहो, पण का?"

"तुम्ही वहीत लिहिलंत, मादी चौदा, निष्फळ. पुढच्या पानावर परत निष्फळ. तिचा काय दोष?"

"तिचा दोष नाहीच! नरात आहे, तेच तर सिद्ध करतेय मी!"

"मग तसं लिहायचं ना."

तिने वही उघडली. रकाने तिनेच आखले होते. नराचा नंबर कोपऱ्यात, बारीक अक्षरात.

"आमच्या घरी एकोणीस वर्षं हेच चाललंय," काका म्हणाले. "माझी तपासणी एकदाच झाली. भरपूर आहेत म्हणाले. झालं, बाकी सगळं बायकोच्या माथी."

"नुसता आकडा चांगला असून भागत नाही, काका."

"तुम्ही त्या नव्या मुलींना शिकवत होतात, तेव्हा ऐकलं मी. घरी जाऊन तिला सांगितलं."

"मग?"

"तीन दिवस बोलली नाही माझ्याशी."

तिला कीव आली, पण राग तसूभरही कमी झाला नाही. दोन महिन्यांचं काम मातीत गेलं होतं.

सरांना तिने पिंजऱ्यांची अदलाबदल झाली एवढंच सांगितलं, कुणी केली ते नाही. बोलणी मुकाट्याने खाल्ली. मग नवी वही काढून रकाने पुन्हा आखले, या खेपेला नराचा नंबर आधी आणि त्याच्याच पुढे निकाल.

"आणि काका, शनिवार-रविवारी पिंजऱ्याला हात लावायचा नाही. पाणी घालायचं आणि बाहेर."

"नाही लावत," काका म्हणाले. "पण त्या सात पिल्लांचं काय करायचं?"

"मला विचारू नका!" ती ओरडली, आणि त्यांच्यासाठी मोठा पिंजरा शोधायला निघाली.