पितळी काड्या आणि कलम सात

"श्श! कोणी बोलू नका. ती बोलतेय!"

ती म्हणजे जमीन. बोलणारे म्हणजे काड्यांनी जमिनीतलं सोनंनाणं हुडकतो म्हणत गावात आलेले श्रीयुत ॲम्ब्रोज क्विल. त्या रविवारी आमच्या ऑकल्बी गावच्या कुरणावर साठेक माणसं श्वास रोखून उभी होती. क्विलसाहेबांच्या दोन्ही मुठींत काटकोनात वाकवलेली एकेक पितळी काडी होती. क्रिकेटच्या पांढऱ्या लाकडी पॅव्हिलियनपाशी काड्या थरथरल्या, एकमेकींकडे वळल्या आणि फुलीसारख्या एकमेकींवर आडव्या पडल्या.

"सोनं," साहेब डोळे मिटून पुटपुटले. "एका स्त्रीचं. नाव... ब... बे... जवळ काहीतरी पांढरं. आणि एका पुरुषाच्या मनावर ओझं आहे!"

तो पुरुष म्हणजे मी. डेस्मंड टफनेल, निवृत्त बसड्रायव्हर आणि ऑकल्बी मेटल डिटेक्टर मंडळाचा सेक्रेटरी. माझी बायको बेरिल. तिची लग्नाची अंगठी १९८१च्या उन्हाळ्यात याच कुरणावर हरवली. तेव्हापासून मी ती शोधतोय असं म्हणता येणार नाही, कारण कुरण सार्वजनिक आहे आणि तिथे परवानगीशिवाय मशीन फिरवता येत नाही. ती परवानगी काढायला मला तीन वर्षं लागली. या वसंतात ती मिळाली आणि आतापर्यंत मला बियरच्या डब्यांची चारशे बारा झाकणं सापडली होती. त्यामुळे साहेबांचे शब्द ऐकताच मी गर्दीतून पुढे घुसलो.

खुरपं घेऊन मी गुडघ्यांवर बसलो. आम्ही लोक गवत घोड्याच्या नालासारखं तीन बाजूंनी कापतो आणि एक बाजू जोडलेली ठेवतो, म्हणजे झाकण परत दाबलं की गवत मरत नाही. इथे खुरपं टेकवताच झाकण अलगद वर आलं. तीस वर्षं हेच करणाऱ्या माणसाला वाटायला हवं होतं की हे आधीच कोणीतरी कापलंय. मला वाटलं, वा, आज खुरप्याला काय धार आलीय!

चार बोटं खाली सोन्याची अंगठी होती.

"डेस, तिचीच का रे?" मंडळातला ऑस्विन माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाला.

"तिचीच!" मी ओरडलो. सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये मला स्वतःची गाडी ओळखता येत नाही, पण बेचाळीस वर्षांनी अंगठी मात्र मी बघताक्षणी ओळखली.

मग काय विचारता! साहेबांनी गाडीच्या डिकीतून खोकी काढली आणि "पौर्णिमेला सूर लावलेल्या" काड्यांच्या जोड्या भराभर खपू लागल्या. मी दोन घेतल्या. एक मोडली तर असावी म्हणून.

"पुढच्या रविवारी," साहेबांनी कुरणाच्या टोकाच्या टेकाडाकडे हात केला, "ज्यांच्याकडे काड्या आहेत त्यांना मी तिकडे नेईन. तिथे चांदी रडतेय!"

"अजिबात नाही!" गावच्या कौन्सिलच्या कारकून पार्जेटरबाई पुढे आल्या. "ते टेकाड म्हणजे प्राचीन थडगं आहे. सरकारचं संरक्षण आहे त्याला. नुसतं मशीन फिरवायलासुद्धा सरकारची लेखी संमती लागते, नाहीतर खटला होतो. आणि तुमच्या मंडळाच्या परवान्यात चौथं कलम आहे, टेकाडापासून तीस मीटर लांब राहायचं. कोणी पाय ठेवला तर परवाना त्याच दिवशी रद्द."

साहेब हसले. "बाई, परवानगी कागद देत नाही. माती देते!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यात जोरात मी वाजवल्या. ते चौथं कलम अर्जात मीच स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, बरं का!

घरी आलो आणि बेरिलच्या समोर अंगठी ठेवली. बेरिलने पस्तीस वर्षं प्राथमिक शाळेत विज्ञान शिकवलंय. तिने अंगठी बोटात घालून पाहिली, ती पेरावरच अडकली. मग तिने शाळेच्या वेळचं भिंग काढलं.

"डेस, आतले शिक्के बघितलेस?"

"त्यात काय बघायचं?"

"असं कसं? महिला मंडळात त्यावर तासभर भाषण दिलं होतंस ना? तीन बायका झोपल्या होत्या. तुझं ते पुस्तक आण."

ते पुस्तक माझ्या खिशातच असतं. आमच्याकडे सोन्याच्या वस्तूवर तपासणीचा शिक्का मारतात आणि त्यात वर्षाचं अक्षर असतं. बेरिलने बोट फिरवत ओळ शोधली.

"१९८९," ती म्हणाली. "माझी अंगठी एक्याऐंशीत हरवली आणि एकोणनव्वदमध्ये घडवली? मोठाच चमत्कार म्हणायचा!"

मी खुर्चीत बसकण मारली. लाज वाटली, पण त्याहून जास्त वाईट वाटलं. दुपारपासून मी मनात घोकत होतो, की ही तिच्या बोटात घातली की छातीवरचा दगड उतरेल.

"पण त्याला तुझं नाव कसं कळलं? पांढरं पॅव्हिलियन कसं कळलं?"

"ते मला माहितीय," बेरिल म्हणाली. "रविवारी सांगेन. सगळ्यांसमोर."

रविवारी कुरणावर शंभरावर माणसं जमली. निम्म्यांच्या हातात काड्या आणि बाकीच्यांच्या हातात फावडी. टेकाडाच्या वाटेवर बेरिलने दहा कुंड्या उपड्या मांडून ठेवल्या होत्या.

"क्विलसाहेब, यातल्या एकीखाली सोन्याची अंगठी आहे. पार्जेटरबाईंनी एकट्यांनीच ठेवलीय, मलासुद्धा माहीत नाही. एवढी एक शोधा, मग टेकाडावर खुशाल जा."

"जमीन परीक्षा देत नसते, बाईसाहेब."

"अहो, मागच्या रविवारी तर घडाघडा बोलत होती!" ऑस्विन ओरडला आणि हशा पिकला. आता साहेबांना मागे सरता येईना. काड्या थरथरल्या आणि चौथ्या कुंडीवर आडव्या पडल्या. खाली एक गोगलगाय होती. मग सातवी. मग पहिली. शेवटी सगळ्या कुंड्या उचलून पाहिल्या, अंगठी निघाली नवव्या कुंडीखाली.

"इथे अविश्वासाची लहर फार आहे," साहेब कपाळ पुसत म्हणाले.

"डेस, तू काड्या धर," बेरिल म्हणाली. "आता दुसऱ्या कुंडीखाली सोन्याची मोहोर आहे असं समज आणि चाल."

तिथे काही नाही हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी दुसऱ्या कुंडीशी पोचलो आणि काड्या वळल्या! शप्पथ सांगतो, मी काही केलं नाही.

"केलंस," बेरिल म्हणाली. "मनगट जरासं आत कललं, तुझ्याही नकळत. काडी सैल असते, ती उतार मिळेल तिकडे फिरते. तिला सोनं कळत नाही. तुझ्या मनात काय आहे एवढंच तिला कळतं."

"पण मग तुमचं नाव?" गर्दीतून कोणीतरी विचारलं. "आणि डेसच्या मनावरचं ओझं?"

"या माझ्याबरोबर."

ती सगळ्यांना पॅव्हिलियनच्या मागे घेऊन गेली. तिथे कौन्सिलचा काचेचा नोटीस बोर्ड आहे. सार्वजनिक जमिनीवरचा अर्ज लोकांच्या माहितीसाठी तिथे लावावाच लागतो. चिकटवला कौन्सिलने आणि काढायचं विसरली कौन्सिलच. तीन वर्षांनी तो तिथेच होता, माझ्या अक्षरात.

बेरिलने चष्मा लावला आणि मोठ्याने वाचलं. "कलम सात. अर्जाचं कारण. माझी पत्नी बेरिल हिची सोन्याची साधी अंगठी पांढऱ्या पॅव्हिलियनजवळ हरवली आहे. क्रिकेटच्या सामन्यातल्या चहा-फराळासाठी पीठ मळताना तिने ती माझ्याकडे दिली. माझ्या कोटाचा खिसा फाटका होता. मी तिला सांगितलं की मी अंगठी परत दिली आणि तिनेच हरवली. हे माझ्या मनावर आजवर ओझं आहे."

कोणी हसलं नाही. फॉर्मवर लिहिलं होतं, माहिती सत्य असावी, म्हणून मी सत्य लिहिलं होतं. मला वाटलं, नोटीस बोर्ड कोण वाचतं? दोन माणसांनी वाचला. एक भलतीच अंगठी पुरून ठेवणारा लबाड होता आणि दुसरी माझी बायको.

साहेबांची गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, पण कोणी वळून पाहिलं नाही.

"तुला तीन वर्षांपासून माहीत होतं?" मी कसाबसा बोललो.

"हो. आणि त्याआधी एकोणचाळीस वर्षं मी स्वतःलाच वेंधळी म्हणत होते." तिचा आवाज कातर झाला. "कौन्सिलला सांगितलंस, डेस. मला कधी सांगतोस याची वाट बघत होते."

मी तिथेच, शंभर माणसांसमोर, तिची माफी मागितली. काड्या खिशात टोचत होत्या.

तर मंडळी, या गाढवाचं ऐका. कोणी तुमच्या मनातलं ओळखलं तर पाया पडण्याआधी आठवून बघा, ते तुम्ही कुठे लिहून किंवा बोलून ठेवलंय का. काड्या वळल्या तर कुंड्या उपड्या मांडा, आणि अंगठी ठेवणाऱ्याला तोंड बंद ठेवायला सांगा. सापडलेल्या वस्तूचा शिक्का बघा. आणि ज्याला रडून विश्वास ठेवायची घाई झालीय, त्याच्या हातात खुरपं देऊ नका.

टेकाडाला कोणी हात लावला नाही, म्हणून मंडळाचा परवाना वाचला. गेल्या आठवड्यात मुदतवाढीचा अर्ज भरायला घेतला. कलम सातपाशी माझा पेन अडला. बेरिलने तो माझ्या हातातून काढून घेतला आणि लिहिलं, "अंगठी नवऱ्याने हरवली. त्याने कबूल केलं आहे. शोधू द्यावं."