सहा माणसांची हवा

मोजणीवालीनं स्टुलावर चढून कपाटावरची पांढरी डबी काढली, रुमालानं धूळ पुसली आणि खाली उतरण्याआधीच आकडा वाचला. भरदुपारी, खिडकी उघडी असताना, आकडा अगदी शहाण्यासारखा होता. घोळ होता तो रात्रींचा.

अठ्ठेचाळीस बिऱ्हाडांची ती कमी भाड्याची वसाहत उन्हाळ्यात भट्टीसारखी तापायची आणि थंडीत भिंतींना हात लावू द्यायची नाही. आता तिचा कायापालट व्हायचा होता. बाहेरून भिंतींवर ऊन-थंडी अडवणारा वीतभर जाडीचा थर, खिडक्यांना दुहेरी काचा, फटी बंद. वीज निम्मी पुरेल, असा अंदाज होता. पण फटी बुजवल्या की आतली हवा कोंडते. म्हणून प्रत्येक घराला हवा खेळती ठेवणारा पंखा बसणार होता, आणि तो केवढा हे घरात माणसं किती यावर ठरणार होतं. मोजणीवालीनं घरोघरी ठेवलेल्या डब्या ऊब, ओल आणि श्वासावाटे बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड दिवसरात्र टिपत होत्या. डबी चोरून बोलणं ऐकते, अशी आवई वसाहतीत उठली होती. दुसऱ्या मजल्यावरच्या एका जोडप्यानं तर ती पंधरा दिवस पिठाच्या डब्यात कोंडून ठेवली होती.

या चौथ्या मजल्यावरच्या घरात मात्र डबी जागची हलली नव्हती. नोंदवहीत इथे एकच नाव होतं. बाई बसमध्ये कंडक्टर होत्या, निवृत्त होऊन सहा वर्षं झालेली. वसाहत त्यांना अजून कंडक्टरबाईच म्हणे. तरी रोज रात्री दहाला कार्बन डायऑक्साइडच्या आलेखाची रेघ चढायला लागायची, ती पहाटेपर्यंत डोंगराएवढी व्हायची. मोजणीवालीनं डबी बिघडली असेल म्हणून बदलली. नव्या डबीनंही तोच डोंगर काढला. हे काय गौडबंगाल आहे ते बघायलाच ती आज आली होती.

कंडक्टरबाईंनी चहा टाकला. मोजणीवालीनं भीत भीत विचारलं, घरात मांजर, कुत्रा असं काही आहे का. बाई म्हणाल्या, स्वतःचं पोट भरताना नाकीनऊ येतात, त्यात मांजर कुठे पाळू. मग चहाचा कप तिच्या हातात देऊन त्यांनी डबी उचलली, उलटसुलट करून पाहिली. हिला नेमकं कळतं काय, हे त्यांना जाणून घ्यायचं होतं. मोजणीवालीनं समजावून सांगितलं. बाईंनी डबीच्या जाळीवर हलकेच श्वास सोडला. आकडा सहाशेवरून चौदाशेवर गेला. त्यांनी पुन्हा सोडला. आकडा आणखी वर गेला. त्यांचे डोळे लकाकले. तिसऱ्यांदा त्यांनी छाती भरून श्वास घेतला, आणि तो सोडायचा तसाच राहिला.

त्यांनी डबी हळूच टेबलावर ठेवली.

"म्हणजे हिला माणसं मोजता येतात."

"अंदाज येतो, मावशी."

"इथे किती येतो?"

मोजणीवालीची नजर नकळत पलंगाकडे गेली. पलंगाच्या पायथ्याशी चादरीखाली अंथरुणांची चळत होती, एकट्या बाईला नको तितकी उंच.

"पाच," ती म्हणाली.

"चूक आहे," कंडक्टरबाई म्हणाल्या. मोजणीवालीनं पेनाचं टोपण लावायला घेतलं. "सहा. धाकटी अजून अंगावर पिते. तिचा श्वास तो केवढा, यंत्राला कुठला कळायला."

मग त्यांनी सगळं सांगून टाकलं. मुलगा, सून आणि तीन नाती. घर एकट्या माणसासाठी दिलेलं होतं. महिनाभराहून जास्त पाहुणे राहिले, तर ताबा जाणार हे त्यांना पाठ होतं. म्हणून सगळी रात्री दहाला, सामसूम झाल्यावर येत आणि उजाडायच्या आत निघत. मुली शाळेच्या फाटकापाशी तासभर आधीच उभ्या असत. हे सांगायची त्यांना काही गरज नव्हती. पण मधलीला दम लागायचा.

"लिही नाहीतर लिहू नको, पोरी. पण पंखा एकटीपुरता बसवलास आणि फटी बुजवल्यास, तर तिनं काय करायचं ते मला आधी सांग."

मोजणीवालीनं विचारलं, मुलाचं स्वतःचं घर नाही का. होतं ना, बाई म्हणाल्या. कालव्याकाठच्या इमारतीत. तिथेही असंच काम निघालं. तीन महिने म्हणून बाहेर काढलं, वर्ष झालं. सगळं चकाचक झाल्यावर भाडं असं वाढलं, की परत जायची सोय उरली नाही. दारावर वीज वाचवणारी इमारत म्हणून मोठी हिरवी पाटी मात्र लागली.

ती पाटी लावतानाच्या फोटोत मोजणीवाली उजवीकडून दुसरी होती. तिनं एकटीनं पार पाडलेलं ते पहिलं काम. तिनं फक्त एवढंच विचारलं, की परत किती जण गेले.

"आमच्या जिन्यावरचं तरी कुणी नाही," कंडक्टरबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पंख्याचा तक्ता भरला. पंखा नोंदवहीवरून ठरवता येई, तसाच प्रत्यक्ष मोजणीवरूनही. तिनं दुसऱ्या रकान्यात खूण केली. तिथे माणसांचा आकडा लिहावा लागत नसे. एका म्हातारीला एवढा मोठा पंखा कशाला, असं कचेरीतल्या तिच्या साहेबांनी विचारलं. डबी तसं सांगते, ती म्हणाली. त्यांनी सही केली.

एवढ्यावर थांबता आलं असतं. पण तिला राहवेना. तिनं संगणकावर कालव्याकाठच्या इमारतीची, काम झाल्यानंतरची मोजणी उघडली. हीच तिनं भरल्या सभागृहात पडद्यावर दाखवली होती. दिवसरात्र बाहेरच्याइतकी स्वच्छ हवा, असं ती म्हणाली होती, आणि टाळ्या पडल्या होत्या. तेव्हा साऱ्या इमारतीची मिळून एकच सरासरी दाखवली होती. आता तिनं एकेक घर वेगळं काढलं.

पहिल्या घराची रेघ सरळ होती. दुसऱ्याचीही. रात्रीचे दहा वाजत, सकाळचे सहा वाजत, रेघ तसूभर हलत नव्हती. घरात एकटा माणूस निजला, तरी ती थोडी चढतेच. तिसरं घर. चौथं. सातव्या घरात एक लहानसा उंचवटा दिसला, तेव्हा कुणीतरी भेटल्यासारखं वाटून ती पुढे वाकली. मग पुन्हा सरळ रेघा.

साहेब आले तेव्हा त्यांच्या हातात वसाहतीला द्यायची नोटीस होती. तीन महिन्यांसाठी घरं रिकामी करावीत. मोजणीवालीची सही झाली, की ती दुपारच्या टपालानं जाणार होती.

तिनं कागद घेतला, वाचला आणि सही न करता टेबलावर पालथा ठेवला. मग पडदा त्यांच्याकडे वळवला आणि शेजारची खुर्ची ओढली.

"बसा, साहेब," ती म्हणाली. "जरा वेळ लागेल."